न्येपीच्या मौनासाठी बाली : एका लहान यात्रेची आखणी

शांत बेटावर जाऊन चार दिवस साधनेत घालवावेत असे मनात आले, की बहुतेक जण आधी जागा पाहतात आणि नंतर सुट्टी मिळेल ती तारीख तिला जोडतात. ताईने आणि मी आखणीला सुरुवात केली ती तिथीपासून. आम्हा दोघींचा ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा त्रयोदशाक्षरी जप बऱ्याच वर्षांचा आहे, आणि घरच्या धबडग्यातून बाहेर पडून एक अहोरात्र पूर्ण मौनात काढावे ही इच्छाही तितकीच जुनी होती. मौनाची शिबिरे आम्हाला परिचयाची होती. परंतु शिबिराच्या कुंपणाबाहेर जग आपल्या गतीने चालूच असते आणि आपले मौन त्याच्यापासून सतत जपावे लागते. सगळा समाजच एक दिवस थांबतो अशी एखादी जागा असेल तर तिथे जावे, असे बोलणे चालले असताना बालीच्या न्येपीचा विषय निघाला, आणि पुढचे सर्व निर्णय त्या एका दिवसाभोवती होत गेले.

न्येपी हा बालीतील हिंदूंच्या शक वर्षाचा पहिला दिवस. इंडोनेशियात १९८३ पासून त्याची राष्ट्रीय सुट्टी असते. बालीच्या पंचांगातील नवव्या महिन्याची अमावास्या संपली की दुसऱ्या दिवशी न्येपी येते, म्हणजे आपल्या चैत्र प्रतिपदेच्या अगदी जवळ. २०२३ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा दोन्ही २२ मार्चलाच आले होते आणि दोन्हीकडे शके १९४५ सुरू झाले होते. मात्र पाडव्यावरून न्येपीची तारीख परस्पर काढू नये. दोन्ही पंचांगांत अधिक मास एकाच वेळी पडत नाही, त्यामुळे २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला झाली आणि आपला पाडवा ९ एप्रिलला. आम्ही ज्या वर्षी गेलो त्या २०२५ मध्ये न्येपी शनिवारी, २९ मार्चला होती आणि पाडवा दुसऱ्या दिवशी, रविवारी. इंडोनेशियाची अधिकृत सुट्ट्यांची यादी बरीच आधी जाहीर होते. तिच्यातली तारीख पक्की धरून मगच तिकिटांकडे वळावे.

या दिवसाचे चार नियम आहेत. अग्नी आणि दिवा पेटवायचा नाही, काम करायचे नाही, घराबाहेर पडायचे नाही आणि कोणतीही करमणूक करायची नाही. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत, पूर्ण २४ तास हे नियम संपूर्ण बेटावर पाळले जातात. देनपसारचा न्गुराह राय विमानतळ बंद राहतो, जावाकडे आणि लोम्बोककडे जाणाऱ्या बोटी थांबतात, दुकाने उघडत नाहीत, दूरदर्शन आणि रेडिओचे प्रसारण होत नाही, आणि २०१८ पासून त्या दिवसापुरती मोबाइल इंटरनेट सेवाही बंद ठेवली जाते. रुग्णालये चालू राहतात. अडलेली बाळंतीण किंवा गंभीर रुग्ण यांना नेण्याची मुभा असते. रस्त्यावर फक्त पेचालांग, म्हणजे काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र नेसलेले गावाचे रक्षक फिरतात. नियम परदेशी पाहुण्यांनाही लागू असतात, म्हणजे आपण जिथे उतरलो असू त्या आवाराचे फाटक ही त्या दिवसाची सीमा. अनेक प्रवासी हा दिवस अडचणीचा समजून आधीच बेट सोडून जातात. आम्हाला नेमका तोच हवा होता.

तिथी ठरल्यावर जागेचा प्रश्न आला, आणि आखणीतला सर्वाधिक वेळ त्यावर गेला. जी सीमा दिवसभर ओलांडता येणार नाही, तिच्या आत काय आहे याला इथे फार महत्त्व येते. दक्षिण किनाऱ्यावरची मोठी हॉटेले न्येपीच्या दिवशीही आतल्या आत जलतरण तलाव, भोजनगृह आणि मसाज चालू ठेवतात. पडदे ओढून घेतले की नियमाला बाध येत नाही, हे खरे आहे. परंतु आमच्या हेतूला ते जुळणारे नव्हते. आम्हाला असे घर हवे होते, जिथले यजमान स्वतः न्येपी पाळतात आणि पाहुण्यांनीही ती पाळली तर त्यांना बरे वाटते. उबुद, अमेद, मुनदुक, सिदेमेन अशी नावे विचारात होती. मुख्य बेटाच्या आग्नेयेला असलेले नुसा पेनिदा ताईच्या मनात होते, कारण बालीतले लोक तिथल्या मंदिरांना फार मानतात. तो विचार आम्ही सोडला. सानूरहून तिथे जाणाऱ्या बोटी न्येपीला बंद असतात, आधीचे आणि नंतरचे दिवस गर्दीचे असतात, मार्चमध्ये समुद्र खवळलेला असू शकतो. आणि मोजक्या दिवसांच्या यात्रेत एका पाण्याने आपल्याला परतीच्या विमानापासून तोडावे हे मला पटत नव्हते.

शेवटी सिदेमेन ठरले. हे पूर्व बालीतल्या करंगासेम जिल्ह्यातले एक खोरे आहे. विमानतळापासून गाडीने दीड-दोन तासांवर, खाचरे डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली, आणि उत्तरेला ३,०३१ मीटर उंचीचा अगुंग पर्वत. बालीच्या लोकांसाठी अगुंग म्हणजे देवांचे आसन. बेसाकिह हे बेटावरचे सर्वांत मोठे मंदिरसंकुल त्याच्याच उतारावर आहे. सिदेमेनमधल्या काही घरांशी मी पत्रव्यवहार केला. माझे प्रश्न सगळ्यांना सारखेच होते. न्येपीच्या दिवशी आपण काय पाळता? पाहुण्यांनी दिवा लावू नये अशी अपेक्षा असते का? पाण्याचा पंप बंद राहणार असेल तर पाण्याची सोय काय? आवाराच्या आत, रस्त्यावरून दिसणार नाही अशी, उघड्या आकाशाखाली बसण्याची जागा आहे का? गावाचे मंदिर किती अंतरावर आहे? कोणी खोलीचे फोटो पाठवले, कोणी सवलतीचा दर कळवला. एका यजमानीणबाईंचे उत्तर मात्र प्रश्नाला प्रश्न धरून आले होते. टाक्या आदल्या दिवशी भरून ठेवतो, स्वयंपाक आदल्या दिवशी करून ठेवतो, घरातली म्हातारी माणसे पूर्ण उपवास करतात, तुम्ही उपवास करणार असाल तर आधी कळवा, आणि भाताच्या खाचरांकडे तोंड केलेला एक उघडा मंडप आहे, तिथे रात्री बसता येईल. ते पत्र वाचून ताई म्हणाली, "आता दुसरं घर बघायला नको."

प्रवासाच्या कागदपत्रांचे काम त्यामानाने लवकर आटोपले. भारतीय पारपत्रावर इंडोनेशियात पोहोचल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. त्याचे शुल्क पाच लाख इंडोनेशियन रुपिया असून तो आधी ऑनलाइन काढून ठेवता येतो. पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी लागते. १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांवर बाली प्रांताने दीड लाख रुपियांचा वेगळा आकार लावला आहे. संस्कृती आणि निसर्ग यांच्या जपणुकीसाठी तो घेतला जातो. तोही आम्ही निघण्यापूर्वीच भरला. खरा विचार करावा लागला तो विमानाच्या दिवसांचा. न्येपीच्या आदल्या संध्याकाळी मिरवणुकांमुळे रस्ते अडतात, त्यामुळे त्या दिवशी उतरणे टाळायला हवे. न्येपीनंतर विमानतळ सकाळी सहाला उघडला, की अडकून राहिलेली सगळी गर्दी एकदम सुटते, त्यामुळे त्या दिवशीचे परतीचे तिकीटही नको. शिवाय २०२५ मध्ये न्येपीला लागूनच ईद होती. जावाकडे घरी निघालेल्या लोकांनी पश्चिमेचे गिलिमानुक बंदर त्या आठवड्यात भरून गेले होते. आम्ही न्येपीच्या काही दिवस आधी पोहोचायचे आणि नंतर एक दिवस मोकळा ठेवून निघायचे, असे ठरवले.

मग मंदिरांची यादी. आमच्यात मतभेद झाला तो इथे. ताईच्या वहीत उलुवातू, तनाह लोत, बेसाकिह, लेम्पुयांग, तीर्थ एम्पुल, गोवा गजा, गोवा लावाह अशी नावे एकाखाली एक लिहिलेली होती, आणि एवढ्या दूर जाऊन देवाचे दर्शन न घेता यायचे हे तिला मान्य नव्हते. माझे म्हणणे असे होते, की मौनाच्या आधी मन जेवढे कमी हिंडेल तेवढे त्या दिवशी ते लवकर बसेल. दिवसाला तीन मंदिरे आणि गाडीत पाच तास असा क्रम लावला, तर न्येपीच्या सकाळी आम्ही फक्त दमलेल्या असू. बरेच दिवस यावर बोलणे झाले. अखेर तिनेच तोडगा काढला. तम्पाकसिरिंगला जाऊन एकाच सकाळी गुनुंग कावी आणि तीर्थ एम्पुल, त्यानंतर समुद्रकाठचा मेलास्तीचा विधी, आणि बाकी सगळे दिवस सिदेमेनमध्येच. बेसाकिहला न जाता अगुंगला रोज सकाळी अंगणातूनच नमस्कार करायचा, हेही तिनेच सुचवले.

मंदिरात जाण्याचे नियम आधी समजून घेतले होते, आणि तसे ते प्रत्येकाने घ्यावेत. कमरेला सारोंग आणि त्यावर सेलेंदांग नावाचा पट्टा बांधल्याशिवाय आत जाता येत नाही. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांनी मंदिरात येऊ नये अशी तिथली रीत आहे आणि दारावर तशी पाटीही असते. याबद्दल आपले मत काही असो, पाहुणे म्हणून जाताना ते माहीत असायला हवे आणि दिवसांची आखणी करताना लक्षात ठेवायला हवे. बालीच्या मंदिराची तीन प्रांगणे असतात आणि सर्वांत आतले उपासकांसाठी राखलेले असते. आम्ही पोहोचलो त्याच आठवड्यात प्रांताच्या गव्हर्नरांनी पर्यटकांच्या वर्तनाविषयी नवे परिपत्रक काढले होते, आणि पवित्र जागांचा मान राखणे हा त्यातला मुख्य भाग होता. आम्ही सगळीकडे बाहेरच्या प्रांगणात उभ्या राहिलो आणि कोणी आत बोलावले तरच आत गेलो. हिंदू आहोत म्हणून आपल्याला सगळी दारे उघडी असतील, असे गृहीत धरणे मला अनुचित वाटते.

गुनुंग कावीला आम्ही दार उघडायच्या वेळीच पोहोचलो. भाताच्या खाचरांमधून पायऱ्यांची लांब रांग पाकेरिसान नदीच्या घळीत उतरते. खाली गेल्यावर दोन्ही तीरांवरच्या खडकात सात मीटर उंचीच्या कोनाड्यांत कोरून काढलेली देवालयाच्या आकाराची शिल्पे समोर येतात. पूर्व तीरावर पाच, पश्चिम तीरावर चार आणि थोड्या अंतरावर एकटे दहावे. अकराव्या शतकातले हे काम राजा उदयन आणि त्याचा मुलगा अनाक वुंगसू यांच्या घराण्याच्या स्मरणार्थ केलेले मानले जाते. मला मात्र तिथे अधिक वेळ थांबावेसे वाटले ते शेजारी खडकातच खोदलेल्या साधकांच्या खोल्यांपाशी. तिथे पादत्राणे काढून जावे लागते. आत काहीही नाही. ना मूर्ती, ना कोरीवकाम. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा, पायाखाली गार आणि किंचित ओलसर दगड, आणि बाहेर नदीचा एकसुरी आवाज. त्या खोलीत काही वेळ डोळे मिटून बसले, तेव्हा जपाची लय नदीच्या आवाजात आपोआप मिसळत गेली. न्येपीसाठी काय काय बरोबर न्यावे याची जी एक यादी माझ्या मनात अजून चालू होती, ती तिथे संपली.

तीर्थ एम्पुलचा झरा दहाव्या शतकापासून पवित्र मानला जातो. कुंडात ओळीने लावलेल्या मुखांमधून पाणी पडते आणि लोक डावीकडून सुरुवात करून एकेका धारेखाली मस्तक धरतात. मृतांच्या विधीसाठी राखलेल्या धारा मध्ये येतात. त्या जिवंत माणसाने स्वतःसाठी घ्यायच्या नसतात, म्हणून आपल्या पुढच्या स्थानिक माणसाकडे बघत पुढे सरकावे किंवा कोणाला तरी विचारून घ्यावे. आम्ही जाईपर्यंत तिथे गर्दी झाली होती, कुंडाच्या काठावर छायाचित्रे काढणाऱ्यांची रांग होती. ताईने स्नान केले; मी काठावर बसून राहिले. ती पाण्यातून आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते पाहून यादीत एवढे तीर्थ ठेवले ते योग्यच झाले असे वाटले.

न्येपीपूर्वीच्या दोन-तीन दिवसांत गावोगावच्या देवता समुद्रावर नेल्या जातात. त्या विधीला मेलास्ती म्हणतात. यजमानीणबाईंच्या सांगण्यावरून आम्ही क्लुंगकुंगजवळच्या वातु क्लोतोक किनाऱ्यावर गेलो. वाळू काळी, आणि तिच्यावर पांढऱ्या वस्त्रांतली शेकडो माणसे. पिवळ्या-पांढऱ्या छत्र्यांखाली देवतांची प्रतीके, डोक्यावर नैवेद्याच्या उतरंडी घेतलेल्या स्त्रिया, मागे झांजा आणि ढोल. पुरोहितांनी समुद्राचे पाणी घेऊन सर्वांवर शिंपडले, तेव्हा कडेला उभ्या असलेल्या आमच्याकडेही एक वृद्ध पुरोहित वळले आणि त्यांनी हाताने बसण्याची खूण केली. आम्ही वाळूवर बसलो, तीर्थ घेतले, आणि भिजवलेले तांदळाचे दाणे कपाळावर लावून घेतले.

आदल्या दिवशीची संध्याकाळ मात्र गोंगाटाची असते. वर्षभरात साठलेल्या अशुभ शक्तींना आधी नैवेद्य देऊन शांत करतात आणि मग दिवेलागणीला मशाली, लाकडी ठोके आणि भांड्यांचा आवाज करून घराबाहेर घालवतात. बांबू आणि कागदाचे ओगोह-ओगोह नावाचे अक्राळविक्राळ पुतळे तरुण मुले खांद्यावर घेतात आणि चौकात गरगर फिरवतात. सिदेमेनचे पुतळे शहरातल्यांपेक्षा लहान होते, पण ते करणारी सगळी मुले त्याच गल्लीतली होती आणि त्यांच्या आया कडेला उभ्या राहून पाहत होत्या. मौनाच्या आधी एवढा आवाज कशासाठी, असे आम्हाला वाचताना वाटले होते. प्रत्यक्षात त्या संध्याकाळी मनात उरलेसुरले जे होते तेही त्या ठोक्यांबरोबर निघून गेल्यासारखे झाले. म्हणून ज्यांना फक्त शांतता हवी आहे, त्यांनीही ही संध्याकाळ गाळू नये असे मी आग्रहाने सांगेन.

न्येपीच्या दिवसाची साधना कशी असावी हे घरी असतानाच बोललो होतो. बालीतले हिंदू दिवसातून तीनदा त्रिसंध्या म्हणतात आणि तिची सुरुवात गायत्री मंत्राने होते. आम्हीही जपाच्या तीन बैठका त्याच तीन वेळांना ठेवल्या. पहाटे, माध्यान्ही आणि सूर्यास्ताला. मधल्या वेळात काय करायचे हे मुद्दाम ठरवले नाही. वाचायला पुस्तक घेतले नाही, कारण वाचनात माझे मन लेखकाशी बोलत राहते. फोन आदल्या रात्री बंद करून पिशवीत ठेवले. ताईला गोळ्या घ्याव्या लागत असल्याने तिने फलाहार ठेवला, मी पाण्यावर राहिले. उपवास कितपत करायचा हे प्रकृती बघूनच ठरवावे, कारण त्या दिवशी औषधाचे दुकान उघडे नसते. डासांसाठी मलम जवळ होते. बालीत डेंग्यूचा उपद्रव आहे आणि अंधारात उघड्यावर बसायचे म्हणजे ही काळजी घ्यायलाच हवी. लांब बाह्यांचे सुती कपडे, पावसासाठी एक चादर आणि रात्री स्नानगृहात जाण्यासाठी कापड गुंडाळलेली लहान बॅटरी एवढेच सामान मंडपात आणले होते.

पहाटेची बैठक संपवून डोळे उघडले तेव्हा उजाडले होते आणि रस्त्यावर काहीच नव्हते. रोज त्या वेळेला दुचाक्या जायच्या, शाळेची मुले जायची, कोणीतरी अंगण झाडत असायचे. त्या सकाळी खाचरांमधले पाणी एका पायरीवरून दुसरीवर पडताना ऐकू येत होते, आणि ते आधीचे सगळे दिवस तसेच पडत होते याची मला तेव्हा जाणीव झाली. फाटकाच्या फटीतून दिसणाऱ्या रस्त्यावर गावातली कुत्री मधोमध झोपली होती. घरातली माणसे आपापल्या ओसरीवर होती. आजोबा भिंतीला टेकून बसले होते, लहान नात त्यांच्या मांडीवर कंटाळून झोपी गेली होती. कोणीही आमच्याकडे बघून हसले नाही वा बोलले नाही, आणि त्यात तुटकपणा अजिबात नव्हता.

दुपार कठीण गेली. उकाडा होता, पोट रिकामे होते, आणि मौनात पहिल्या काही तासांत जे येत नाही ते सगळे दुपारी येते. जुनी बोलणी, राहिलेली कामे, कोणाला तरी द्यायचे राहिलेले उत्तर. शिबिरात अशा वेळी घंटा होते, शिक्षक काही सांगतात, जेवणाची वेळ येते. इथे काहीही होणार नव्हते. माध्यान्हीच्या जपात माझ्याकडून दोनदा लय सुटली, तेव्हा माळ खाली ठेवून मी नुसती पाण्याकडे बघत बसले. अशा वेळी उठून काहीतरी करावेसे वाटते. पण करण्याजोगे काहीच नसणे, ही या दिवसाने साधकाला केलेली फार मोठी मदत आहे. हळूहळू विचार येतच राहिले, पण त्यांच्यामागे धावणे थांबले. चारच्या सुमाराला पावसाची एक सर आली आणि हवा निवली.

सूर्यास्तानंतर कोठेही दिवा लागला नाही. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, आठ-साडेआठ अंश दक्षिणेला, संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही. बघता बघता शेजारी बसलेली ताई दिसेनाशी झाली. न्येपी अमावास्येला लागून येते, त्यामुळे चंद्राचा उजेड नसतो, आणि हे आधीपासून ठाऊक असल्यानेच मंडपाचा आग्रह धरला होता. आठ वाजेपर्यंत ढग होते. नंतर ते अगुंगकडून विरळ होऊ लागले आणि रात्री दहाच्या सुमाराला आकाश मोकळे झाले. नैर्ऋत्येला अगस्त्य होता, आग्नेयेला त्रिशंकू पूर्ण वर आला होता आणि त्याच्या खाली मित्र हा तारा. वळून उत्तरेकडे पाहिले, तर पर्वताच्या काळ्या आकृतीवर सप्तर्षी उलटे टेकलेले होते. आपल्याकडे जे सप्तर्षी ध्रुवाभोवती फिरताना दिसतात, ते आणि दक्षिणेचा त्रिशंकू असे दोन्ही एका जागी बसून, मान वळवून पाहता आले. पेचालांगांच्या पावलांचा आवाज एकदा रस्त्यावरून गेला. ताईने माझ्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहानंतर पहिली दुचाकी गेली. बालीत या दिवशी लोक एकमेकांकडे जाऊन झाल्यागेल्याची क्षमा मागतात. आमचा तो पाडवा होता. यजमानीणबाईंनी आदल्या दिवशीच्या आदल्या दिवशीच एक सरळ बांबू कापून ठेवला होता. ताईने बरोबर आणलेले रेशमी वस्त्र त्याला बांधले, कडुनिंबाचा डहाळा शेजाऱ्यांच्या आवारातून मिळाला, आणि तांब्याच्या लोट्याची गुढी त्यांच्याच अंगणात उभी राहिली. त्यांचे शके १९४७ आदल्या दिवशी सुरू झाले होते, आमचे त्या सकाळी. आजोबांनी गुढीपुढे फुलांची एक लहान करंडी आणून ठेवली.

निघताना विमानतळावर गर्दी होती, पण एक दिवस मध्ये सोडलेला असल्याने घाई झाली नाही. असा बेत करणाऱ्यांसाठी पुढची तारीख सांगून ठेवते. २०२६ मध्ये न्येपी १९ मार्चला आहे, आणि गुढीपाडवाही त्याच दिवशी येतो. दोन्हीकडे शके १९४८. त्या दिवशी बालीत गुढी उभारणे उचित होणार नाही, त्यामुळे पाडवा घरी करायचा की न्येपी पाळायची, हे घरातल्या सगळ्यांशी बोलून आधीच ठरवावे लागेल. ईदही लगेच पाठोपाठ येत असल्याने विमाने आणि बंदरे दोन्ही भरलेली असतील. तिकिटे आणि राहण्याची जागा शक्य तितक्या लवकर पक्की करावी, आणि जागा ठरवण्यापूर्वी यजमान स्वतः न्येपी कशी पाळतात हे विचारायला विसरू नये.